ब्रह्मकमळ नाही हो, निवडुंग आहे तो!

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पत्र लिहिण्यास कारण की गेल्या आठवड्यात तुमच्या पाचव्या पानावर एका अंगणातला फोटो आलाय, पांढरंशुभ्र फूल, शेजारी निरांजन, मागे घरातली सगळी मंडळी आणि खाली ओळ, 'हिमालयातील दुर्मिळ ब्रह्मकमळ कोकणात फुलले, पाहण्यासाठी गर्दी'. आता मी तुमचा पेपर वीसेक वर्षं घेतोय, दुकानात पहिलं गिऱ्हाईक यायच्या आत पहिल्या पानापासून छोट्या जाहिरातींपर्यंत सगळा वाचून काढतो, त्यामुळे हक्काने सांगतो, असाच फोटो दर पावसाळ्यात येतो आणि खाली दर वर्षी हीच ओळ असते. फक्त गाव बदलतं. एका वर्षी आमच्या गल्लीतल्या काकूंचा आला होता, त्यांनी ते कात्रण लॅमिनेट करून देवघराशेजारी लावलंय, त्यामुळे त्यांना काही बोलायची सोय नाही. तुम्हाला बोलतो.

ते ब्रह्मकमळ नाही हो. हिमालयातलं खरं ब्रह्मकमळ म्हणजे सूर्यफुलाच्या कुळातलं झाड, साडेतीन-चार हजार मीटरच्या वर दगडगोट्यांत होणारं, उत्तराखंडचं राज्यफूल आहे ते, आणि त्याच्या फुलाभोवती फिकट पिवळट कागदासारखी पानं असतात, ओंजळ धरल्यासारखी. आमच्या दापोलीच्या दमट हवेत ते आठ दिवस टिकायचं नाही. आपण ज्याला ब्रह्मकमळ म्हणतो तो मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचा निवडुंग. होय, निवडुंगच, कॅक्टस. गंमत अशी की त्याच्यापुढे दिवा लावणाऱ्या आमच्या काकूच मला परवा म्हणाल्या, "अरे, दारात काट्याची झाडं ठेवू नयेत, घरात भांडणं होतात." मी म्हटलं काकू, तुमच्या तुळशीशेजारी काय आहे मग? तर म्हणाल्या, "ते वेगळं."

मी इतक्या खात्रीने बोलतोय कारण मी ते भिंगाखाली बघितलंय. माझा धंदा घड्याळ दुरुस्तीचा, वडिलांपासूनचं छोटंसं दुकान. आता घड्याळं कोण दुरुस्त करतं म्हणा, दिवसाला दोन सेल बदलायचे आणि एखादा पट्टा, चावीची एचएमटी घेऊन कोणी आजोबा आले की तो दिवस सणासारखा जातो. बाकी वेळच वेळ. डोळ्याला लावायचं काळं भिंग, त्याला आमच्यात आयग्लास म्हणतात, ते मात्र सदैव खिशात.

२०२० साली आधी लॉकडाऊन आणि मग ३ जूनला निसर्ग वादळ, तुम्ही त्या वेळी खूप चांगलं कव्हरेज दिलं होतंत ते आठवतंय. आमच्या पडवीचे पत्रे गेले, माड आडवा झाला, आईच्या सगळ्या कुंड्या फुटल्या आणि लाईट तर कित्येक दिवस नव्हतीच. आवरताना खिडकीच्या गजात अडकलेलं ब्रह्मकमळाचं एक पान मिळालं, टोक फाटलेलं. मी फेकणार होतो, आई म्हणाली लाव, जगेल. तेलाच्या पत्र्याच्या डब्यात माती भरून खोचलं. पंधरा-वीस दिवसांनी पानाच्या कडेला ज्या खाचा असतात ना, त्यातल्या एकीत काहीतरी तांबूस टोक आल्यासारखं वाटलं. चष्म्याने दिसेना. दुकान बंद, हाताला काम नाही, म्हणून आयग्लास लावला आणि डोळा खाचेजवळ नेला.

आत एक एवढीशी गादी होती. खसखशीच्या दाण्याएवढी असेल, त्यावर मळकट पांढरी लव, दोन-तीन बारीक केस, आणि लवेतून वर येणारा कोंब, लालसर, ओला असल्यासारखा चमकणारा. मी पंचवीस वर्षं बॅलन्स आणि हेअरस्प्रिंग बघत आलोय, बारीक वस्तू मला नवीन नाही, पण ही जिवंत होती. तिथेच उकिडवा बसून राहिलो, आई आतून विचारते काय सापडलं का रे, आणि मला सांगता येईना काय सापडलं ते.

नंतर वाचून कळलं की ही गादी म्हणजेच निवडुंगाची ओळख. इंग्रजीत अरिओल म्हणतात, आपण उसाला, बटाट्याला डोळा म्हणतो तसा हा निवडुंगाचा डोळाच. काटे, केस, फूल, नवी फांदी, सगळं या डोळ्यातूनच येतं. जगात निवडुंगाच्या दीड हजारावर जाती आहेत आणि प्रत्येकीला हे डोळे असतात, दुसऱ्या कुठल्याही झाडाला नसतात. काटे म्हणजे मुळात पानंच, वाळवंटात पाणी वाचवायला बारीक होत गेलेली. आणि ब्रह्मकमळाचं आपण ज्याला पान म्हणतो ती चपटी झालेली फांदी आहे, म्हणून तर तिच्या कडेला फूल येतं. मला स्वतःला हे पन्नाशी जवळ आल्यावर कळलं, अख्खं लहानपण त्या झाडाशेजारी गेलं तरी.

आता गंमत बघा. आमच्या वईला, म्हणजे कुंपणाला, जो निवडुंग लावतात, गुरं आत येऊ नयेत म्हणून, तो निवडुंग नाहीच! म्हणजे मराठीत तोच निवडुंग, पण कॅक्टस नाही. तो आणि शेर नावाचं झुडूप, दोघंही एरंडाच्या कुळातले, मोडलं की पांढरा चीक येतो. भिंगातून बघितलं की फरक लगेच कळतो, वईच्या निवडुंगाला काटे जोडीजोडीने, उंचवट्यावर दोन शिंगं फुटल्यासारखे, आणि गादी-बिदी काही नाही, लव नाही. त्या चिकाची आठवण मला चांगली आहे. तिसरीत असताना शेराची काडी मोडली आणि त्याच हाताने डोळा चोळला, दोन दिवस डोळा उघडत नव्हता, आजी कापसाने गाईचं दूध सोडत होती आणि आजोबा शिव्या देत होते, मला की शेराला माहीत नाही. त्यामुळे फोटो काढायला जाणाऱ्यांना एक सांगतो, चीक दिसला की तो हात मोबाईलला पण लावू नका, डोळ्याची तर गोष्टच सोडा.

फोटोचं कसं सुरू झालं ते सांगतो. आयग्लासमधून मला दिसायचं पण दुसऱ्याला दाखवता येईना, बायको म्हणायची दिसतंय दिसतंय, पण ती माझं मन राखत होती. मग मुलाने आयग्लास मोबाईलच्या कॅमेऱ्यावर धरला आणि रबरबँडने बांधला. झालं. दहा पट मोठं दाखवणारं भिंग असेल तर वस्तूपासून साधारण अडीच सेंटीमीटरवर स्पष्ट दिसतं, पाच पटीचं असेल तर पाच सेंटीमीटर, त्यामुळे मोबाईल अगदी नाकाला नाक लावल्यासारखा न्यावा लागतो. बाजारात क्लिपवाल्या मॅक्रो लेन्स मिळतात त्या पण चालतात, महागडा कॅमेरा पाहिजेच असं काही नाही. अडचण एकच, इतक्या जवळ गेलं की जेमतेम मिलिमीटरभर जागा फोकसमध्ये राहते, काट्याचं टोक घेतलं की बूड धूसर, बूड घेतलं की टोक गेलं. श्वास सोडला तरी फोकस हलतो. मोबाईलवरचं बटण दाबण्यापेक्षा तीन सेकंदांचा टायमर लावावा आणि झाडाच्या कुंडीवरच मनगट टेकवावं, ही सवय घड्याळाने लावलेली. आणि आमच्याकडे वारा, समुद्रावरचा वारा दहा वाजले की सुरू झालाच, त्यामुळे जे काय ते सकाळी आठच्या आत.

उन्हाचं पण तसंच. थेट ऊन पडलं की काटे पांढरे फटक येतात आणि मधल्या सावल्या काळ्या ठिक्कर, काही कळत नाही. मी जुना पंचा वर धरतो, धुऊन धुऊन विरलेला, त्यातून येणारा उजेड सगळ्यात छान. नवीन पंचा चालत नाही, गंमत नाही करत, करून बघा.

माझ्याकडे आता बावीस-तेवीस कुंड्या आहेत. त्यात एक गोल गड्डा, चेंडूएवढा, मॅमिलॅरिया म्हणतात त्याला, अंगभर बोंडं आणि प्रत्येक बोंडावर काट्यांची चांदणी. नुसत्या डोळ्यांना तो केस विस्कटलेल्या पोरासारखा दिसतो. वरून फोटो काढला, मोठा करून झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढली आणि बोंडं बघत बसलो तर लक्षात आलं की ती ओळीने आहेत, वळणावळणाने, मधल्या टोकापासून बाहेर फिरत गेलेल्या ओळी, काही उजवीकडे काही डावीकडे. लाल पेनाने एका बाजूच्या मोजल्या, तेरा. निळ्याने दुसऱ्या बाजूच्या मोजल्या, आठ. परत मोजल्या, तेच. मुलगा म्हणाला बाबा, हे फिबोनाची आकडे आहेत, मागचे दोन मिळवले की पुढचा, पाच आठ तेरा एकवीस. मी म्हटलं असतील. दुसऱ्या दिवशी बाजारातून अननस आणला आणि कापायच्या आधी त्याचे डोळे मोजले. आठ आणि तेरा! बायको सुरी घेऊन उभी आणि मी अननसावर पेनाने खुणा करतोय. नवीन बोंड नेहमी मधोमध टोकाशी तयार होतं आणि आधीच्यांपासून जिथे जास्तीत जास्त मोकळी जागा असेल तिथे सरकतं, त्यातून ही वळणं आपोआप पडतात म्हणे. म्हणजे मोजणारं कोणी नाही. घड्याळात एक दात कमी पडला तर घड्याळ बंद, आणि इथे कोणी न मोजता हिशोब बरोबर, याचं मला अजून नवल वाटतं.

आता एक फसवणुकीची गोष्ट. दोन वर्षांपूर्वी एका प्रदर्शनातून, कुठलं ते सोडा, मी एक छोटा कॅक्टस आणला, डोक्यावर झकास गुलाबी फूल. विकणारा म्हणाला कायम फुलतो, बारा महिने. आणि खरंच, आठवडा झाला, महिना झाला, फूल आहे तसं. वर कहर म्हणजे ते मिटायचं आणि उघडायचं! पाऊस लागला की मिटलेलं, चार दिवस उघडीप झाली की परत उमललेलं. मी शेजारपाजाऱ्यांना बोलावून दाखवलं, स्टेटसला ठेवलं, साठ-सत्तर लोकांनी बघितलं. मग एकदा त्या फुलाच्या देठाचा फोटो काढायला म्हणून आयग्लास नेला तर देठच नाही. फूल आणि झाड यांच्यामध्ये पारदर्शक, थिजलेल्या तुपासारखा थेंब, आणि त्या थेंबातून ओढलेला एक तंतू, डिंक ओढल्यावर येतो तसा. ग्लूगन! गरम डिंकाने सुकं फूल चिकटवलेलं. कागदी पाकळ्यांचं एक फूल असतं, सुकवलं तरी वर्षानुवर्षं रंग राहतो, आणि त्याच्या पाकळ्या मेल्यावरसुद्धा हवेतली ओल लागली की आत वळतात आणि कोरडं झालं की बाहेर. जुलैत आमच्याकडे कपडेसुद्धा वाळत नाहीत, ते मिटणारच. चिमट्याने हळूहळू तो डिंक काढला, पाऊण तास लागला, खाली तीन डोळे जळलेले निघाले, काळे पडलेले. झाड जगलंय. पण त्याच्या डोक्यावर टक्कल आहे आणि त्याला बघितलं की ते साठ-सत्तर लोक आठवतात.

हिरव्या खांबावर लाल किंवा पिवळा गोळा बसवलेला कॅक्टस नर्सरीत मिळतो, तो मात्र फसवणूक म्हणता येणार नाही, ते कलम आहे. लाल गोळ्यात हरितद्रव्यच नसतं, स्वतःचं अन्न त्याला करता येत नाही, म्हणून खालच्या हिरव्या खांबावर, बहुतेक वेळा ड्रॅगनफ्रूटच्या भाऊबंदावर, त्याला बांधतात. जपानमध्ये १९४१ च्या सुमारास हे सुरू झालं. सांध्याचा फोटो काढा, आंब्याच्या कलमाचा सांधा ज्याने बघितलाय त्याला लगेच कळेल. मला स्वतःला तो प्रकार फारसा आवडत नाही, डोक्यावर दुसऱ्याचं डोकं.

आवडतो तो फड्या निवडुंग, हा मात्र खरा कॅक्टस. हर्णैच्या वाटेवर एका पडीक वाडीच्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, त्याचं रान आहे, लोक तिथे कचरा टाकतात. उन्हाळ्यात त्याला पिवळी फुलं येतात, रेशमी, आणि आत पुंकेसरांची दाटी, शेकडोंनी असतील. सुयांच्या डबीतली एक टूथपिक घेऊन त्या पुंकेसरांना नुसतं डिवचलं तर सगळे मिळून मधल्या दांड्याकडे हळूहळू झुकतात. खरंच झुकतात, मी त्याचा व्हिडिओ काढलाय. मधमाशी आत शिरली की तिचे पाय लागून केसर तिच्या अंगावर मिटतात आणि ती पिठात घोळल्यासारखी पिवळी होऊन बाहेर येते. आम्ही लहानपणापासून त्या गडग्यावरून चेंडू आणायला जायचो आणि शिव्या घालत परत यायचो कारण त्याची कुसळं. मोठे काटे दिसतात तरी, ही कुसळं डोळ्याच्या गादीत झुबक्याने लपलेली असतात, केसापेक्षा बारीक, हात लावायचा अवकाश की पन्नासेक बोटात. मायक्रोस्कोपखाली त्यांना उलटे दात दिसतात म्हणून ती आत जातात ती बाहेर येत नाहीत. घड्याळाच्या चिमट्याने एकेक काढत बसलोय मी कितीतरी वेळा, हा धंद्याचा अजून एक फायदा.

त्याच फड्यावर मला एकदा पांढरा कापूस चिकटल्यासारखा दिसला. मला वाटलं पिठ्या ढेकूण, आंबेवाल्यांना आणि जास्वंदवाल्यांना माहीत असतो तो. भिंगात बघितलं तर कापसाखाली गोल, सुरकुतलेला, जांभळट किडा. टूथपिकने दाबला आणि रुमाल लाल झाला, रक्तासारखा, तीन धुण्यांत पण गेला नाही. हा कोचिनीलचा किडा, ज्याच्यापासून लाल रंग करतात त्याच्यातला. आपण किरमिजी रंग म्हणतो ना, तो शब्दच असल्या रंग देणाऱ्या किड्यावरून आलेला आहे. आणि इतिहास तर अजून भारी, इंग्रजांना तो रंग इथे तयार करायचा होता, १७९५ साली ब्राझीलहून किडे आणले, पण आणले ते चुकीच्या जातीचे, रंग चांगला निघेना, उलट त्यांनी इथला एका जातीचा निवडुंग खाऊन फस्त केला. किडा सोडून रान मारायचं तंत्र जगात पहिल्यांदा झालं ते असं, चुकून. पुढे १९२६ मध्ये दुसऱ्या जातीचा निवडुंग माजला तेव्हा मुद्दाम दुसरा किडा आणून सोडला. हे सगळं त्या कचऱ्याच्या गडग्यावर बसलेलं आहे आणि आपण हर्णैला मासळी आणायला त्याच्यावरून गाडी नेतो.

मांसल पानांच्या झाडांचं, सक्युलंट म्हणतात त्यांचं, वेगळं पत्र लिहावं लागेल, थोडक्यात सांगतो. हॉवर्थियाच्या एका जातीच्या पानाचं टोक काचेसारखं असतं, मागून उजेड धरला की आतल्या हिरव्या शिरा दिसतात, आफ्रिकेत ते मातीत बुडालेलं असतं आणि त्या काचेतून ऊन आत घेतं. दगडासारखी दिसणारी लिथॉप्स मी दोनदा मागवली आणि दोन्ही वेळा जुलैत पाणी पिऊन फुटली, आमच्याकडचा तीन हजार मिलिमीटरच्या वरचा पाऊस त्यांच्यासाठी नाही, तो नाद सोडला. इचिव्हेरियाच्या पानावर मेणाची भुकटी असते, द्राक्षावर असते तशी, एकदा बोट लागलं की ठसा कायमचा, माझ्या एका झाडावर माझ्या अंगठ्याचा ठसा इतका स्पष्ट आलाय की आधारकार्डाला चालेल.

पण लांब जायलाच नको, पानफुटी घ्या. वर म्हटलं निवडुंगाचं पान हे पान नसून फांदी, पानफुटीचं मात्र खरंच पान आणि त्याच्या खाचांतून पोरं. एक पान ताटलीत ठेवा आणि रोज एक फोटो काढा. आधी खाचेत ठिपका, मग दोन इवली पानं, मग खाली केसासारखी गुलाबी मुळं, माती नाही पाणी नाही. आणि तिची अजून एक खोड, सकाळी पानाचा तुकडा जिभेला लावला तर आंबट, दुपारनंतर चव नाही. मी लावून थुंकलो, खाऊ नका. ही झाडं दिवसा पानांची रंध्रं मिटून घेतात म्हणजे पाणी उडत नाही, आणि रात्री उघडून हवेतला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवून ठेवतात, दिवसा तो वापरला जातो म्हणून आंबटपणा जातो. बहुतेक निवडुंगांचं हेच आणि अननसाचंही हेच. बेंजामिन हाइन नावाच्या वनस्पतितज्ज्ञाने हे आपल्या भारतात पानफुटी चाखून ओळखलं आणि लंडनला पत्राने कळवलं, ते पत्र १८१५ साली छापलं गेलं. पत्रं छापावीत ती अशी, एवढंच सुचवतो!

पावसाळ्यात या हौसेला सुतक लागतं. झाडं पडवीत आत घ्यायची, जांभ्याची बारीक खडी आणि विटांचा चुरा अर्ध्याहून जास्त घातलेला असेल तरच मुळं वाचतात, समुद्राची वाळू घालू नका, मिठाने मरतात. आणि भिंगाला बुरशी लागते. आमच्याकडे ज्यांनी हौसेने कॅमेरे घेतले त्यांच्या लेन्समध्ये पहिल्याच पावसाळ्यात आतून कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी आलेली मी बघितलीय, माझ्याकडेच घेऊन येतात साफ करायला. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात सिलिका जेल टाकून ठेवावं, निळे दाणे ओल खाऊन गुलाबी होतात, तव्यावर मंद आचेवर हलवले की परत निळे. तो तवा मात्र वेगळा ठेवा, पोळ्यांचा वापरलात तर मी जबाबदार नाही, माझं झालंय.

आता मुद्द्याचं. रविवारच्या पुरवणीत तुम्ही वाचकांचे फोटो छापता, त्यात धबधबे, सूर्यास्त आणि होड्या याशिवाय काही नसतं. सूर्यास्त छानच असतो, पण तो आम्हाला रोज फुकट दिसतो. महिन्यातून एकदा तरी या जवळून काढलेल्या फोटोंना कोपरा द्या, शाळेतली पोरं पाठवतील, आजोबाच्या चष्म्याचं भिंग लावून सुद्धा काढतील. फक्त एक पथ्य पाळा. सह्याद्रीच्या कड्यांवर शिंदळ माकुडी नावाचं मांसल झाड आहे, किरमिजी फुलावर पिवळे डाग, आपल्या महाराष्ट्राबाहेर जगात कुठे मूळचं आढळत नाही आणि फार थोडी उरलीत. तसला फोटो कोणी पाठवला तर गावाचं, गडाच्या बाजूचं नाव छापू नका, छापलंत की पुढच्या रविवारी कोणीतरी पिशवी घेऊन हजर.

आणि ब्रह्मकमळाची ओळ बदला. 'दुर्मिळ' तर काढाच, पान तोडून खोचलं की येतं ते. त्यापेक्षा तुमच्या फोटोग्राफरला एक रात्र आमच्याकडे पाठवा. गजात अडकलेल्या त्या तुकड्याचं झाड आता पत्र्याला टेकलंय आणि आज त्याला सात कळ्या आहेत, हंसाची मान वळावी तशा वर वळलेल्या, म्हणजे दोन-तीन दिवसांत फुलणार. साडेसातला टोक सैल पडतं, नऊपर्यंत पाकळ्या डोळ्यांदेखत थरथरत मागे सरकतात, साडेदहाला पूर्ण. सगळे लांबून फ्लॅश मारतात आणि पांढरा धोंडा येतो. फ्लॅश बंद करायचा, बाजूने टॉर्च, टॉर्चवर पंचा. मग आयग्लास आत न्यायचा. मधोमध एक पांढरी चांदणी असते, पंधरा-वीस बोटं पसरलेली, काही जणांना त्यात शेषनाग दिसतो, आणि प्रत्येक बोटावर मखमलीसारखी ओली लव. तिच्याभोवती पुंकेसरांची रांग, टोकाला साबुदाण्याच्या पिठासारखे पराग. पाकळीवर उजेड तिरका पडला की पेशी साखरेसारख्या चमकतात. वासाने डोकं जड होतं तोवर. पहाटे ते मान टाकून लोंबकळत असतं आणि आई ते भाजीवाल्याच्या पिशवीत भरून माडाच्या आळ्यात टाकते.

आपला,
एक घड्याळवाला, दापोली

ता. क. : काल रात्री काकू येऊन आमच्या कळ्या मोजून गेल्या, त्यांच्याकडे यंदा तीनच आहेत. त्यांना आयग्लासमधून खाचेतली गादी दाखवली. पाच मिनिटं बघत होत्या, मग म्हणाल्या, "हे इथे काटेच येणार होते वाटतं." कात्रण अजून देवघराशेजारीच आहे.